टेका जरा

कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या रस्त्यावर
आमच्या विमा शाखेचं काउंटर नंबर तीन.
काचेला एक भोक, आवाजापुरतं,
खाली एक फट, कागदापुरती.
त्या फटीतून नछत्तर सिंगांनी पॉलिसी सरकवली
आणि म्हणाले, "मॅडम, सरंडर."

हात वर नव्हते त्यांचे.
एकात ट्रकच्या किल्ल्यांचा जुडगा,
दुसऱ्यात चष्म्याचं घर, रबर लावलेलं.

हा शब्द मी दिवसातून वीसदा ऐकते.
इंग्रजीत तो कशालाही नाही म्हणत नाही:
फरार माणूस कोर्टात आला की सरेंडर,
उरलेली रजा, बंद केलेला लँडलाइन,
परगावी जाताना रेशनकार्डातलं एक नाव.
आमच्या मराठी फॉर्मवर मात्र छापलंय
'समर्पण मूल्य'.
कोण्या अनुवादकानं, बहुधा जेवणानंतर,
देवघरातला शब्द उचलून कॅशबुकात ठेवला.
एक लाख चौऱ्याऐंशी हजार दोनशे दहा.
इतकं समर्पण.

"तुमच्याकडे काय म्हणतात?" मी विचारलं.
सिस्टीम हँग होती म्हणून. ज्ञानासाठी नव्हे.

"किसके आगे, उस पे है," ते म्हणाले.
पोलिसांपुढे असेल तर हथियार सुट्टणा.
सुट्टणा म्हणजे फेकणं;
मला ऐकू आलं सुटणं.
आखाड्यात असेल तर गोडे टेकणा,
गुडघे टेकले की कुस्ती संपली.
गुरुद्वारात मत्था टेकणा,
तिथे मात्र काही संपत नाही.

मग जुडग्यातली एक किल्ली बोटांत फिरवत,
खालच्या आवाजात, म्हणजे भोकातून जेमतेम,
"और एक है. भाणा मन्नणा.
उसकी जो मर्जी, वो मान लेना.
जगसीर गया ना, मेरा लड़का, बोरघाट में.
तब सबने बोला, भाणा मन्नो, भाणा मन्नो."
सहा वर्षं गाडी यार्डात उभी ठेवली.
चालवली नाही, विकली नाही.
आता विकतायत.

आमच्यात भाणं म्हणजे जेवणाचं ताट.
आई भरल्या भाण्यावरून
कुणाला उठू द्यायची नाही.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
सांगून काय झालं असतं?

माझे वडील रोडपालीचे.
सिडकोच्या कागदावर अंगठा दिला
त्या दिवशी त्यांनी यातला एकही शब्द वापरला नाही.
घरी आले, म्हणाले, "दिली."
मग विळे काढले, धुतले, तेल लावलं,
आणि पुढच्या कापणीसाठी ठेवावेत तसे
गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले.
आज त्या शेतात आमची शाखा नाही,
पण फार लांबही नाही.

स्क्रीनवर चक्र फिरत होतं.
म्हातारा माणूस उभा.
मी सवयीनं म्हटलं, "टेका ना जरा, काका."

बाकाकडे हात केला होता मी,
काचेवर उजेड होता, दिसला नसावा.
ते गोंधळले. डावीकडे बघितलं, उजवीकडे.
भिंतीवर झोनल मॅनेजरचा फोटो,
मागच्या वर्षीचं कॅलेंडर, पाण्याचं मशीन.
त्यांनी खरोखर पगडी सारखी केली
आणि विचारलं,
"किसके आगे, मॅडम?"

नाही, नाही, मी म्हटलं,
आमच्यात टेकणं म्हणजे बसणं.
पूर्ण बसणं नाही. उठायचं असतंच.
पाय जरा हलके होईपर्यंत.

"बस? इतना ही?"

इतकंच.

ते बाकावर टेकले. किल्ल्या मांडीवर ठेवल्या,
त्यावर हात.
फॉर्मवरची 'समर्पणाचे कारण' ही ओळ कोरी होती.
दोन मिनिटांनी सिस्टीम आली.
टोकनची घंटी
मी लगेच वाजवली नाही.